बायोइन्फॉर्मेटिक्स आणि स्टॅटिस्टिकल जेनेटिक्समध्ये पीएचडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नेटचा (प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा) निकाल लागला की माझ्याकडे विद्यार्थ्यांचे निरोप यायला लागतात. कुणी एमएस्सी करून बसलेलं असतं, कुणी आयटीतून बाहेर पडू पाहत असतं, तर कधी मुलीच्या वतीने वडीलच विचारतात. मी स्वतः संख्याशास्त्र शिकून या क्षेत्रात आले, त्यामुळे यातले निम्मे प्रश्न एके काळी माझेही होते. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा ती इथे एकत्र केली आहेत. परीक्षांचे आणि फेलोशिपचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचाच.

१. बायोइन्फॉर्मेटिक्स आणि स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स यांत फरक काय? मी कशात पीएचडी करू?

सिकलसेलचं उदाहरण घेऊ. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघरी ठाऊक आहे. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल होतो आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या डीएनएचे कोट्यवधी तुकडे वाचायचे, ते संदर्भ जीनोमवर (माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या नमुना-प्रतीवर) बरोबर जागी बसवायचे, त्यातून हा बदल नेमका उचलायचा आणि तो प्रथिनाचं काय करतो ते सांगायचं, हे बायोइन्फॉर्मेटिक्सचं काम.

आता त्याच पाड्यावरची दोन मुलं घ्या. दोघांनाही आई आणि वडील दोघांकडून तोच बदल आलेला आहे. एकाला दर महिन्या-दोन महिन्यांनी दुखण्यामुळे दवाखान्यात न्यावं लागतं, दुसरा मात्र शाळेत पळतो आहे. असं का होतं? काही जणांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, आणि त्यामागे बीसीएल११ए सारख्या दुसऱ्या जनुकांमधले फरक असतात. मग या फरकांचा वाटा किती, आहाराचा आणि उपचारांचा किती, आणि हे आकडे सांगताना आपण चुकण्याची शक्यता किती, हे मोजण्याचं काम स्टॅटिस्टिकल जेनेटिक्सचं.

प्रत्यक्ष कामात दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. पदवीवर ‘संख्याशास्त्र’, ‘जीवशास्त्र’ किंवा ‘लाइफ सायन्सेस’ असं काहीही लिहिलेलं असू शकतं. त्यामुळे आधी विषयाचं नाव ठरवून मग गाईड शोधू नका. कोणता प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही ते आधी ठरवा.

२. पीएचडीला पात्रता काय लागते? एमएस्सी हवीच का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विषयाचं बंधन संस्थेवर अवलंबून असतं. बायोइन्फॉर्मेटिक्स, बायोटेक, संख्याशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर, फार्मसी अशा सगळीकडून लोक या क्षेत्रात आलेले मी पाहिले आहेत. एमबीबीएस झालेलेही येतात आणि त्यांची फार गरज आहे, कारण आजाराचं नेमकं वर्णन कसं करायचं हे त्यांनाच नीट कळतं.

३. मी बायोटेकची. बारावीनंतर गणित सोडलं. जमेल का?

बायोइन्फॉर्मेटिक्सच्या बऱ्याच विषयांत जमेल. स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स करायचं असेल तर गणिताशी पुन्हा मैत्री करावीच लागेल, यातून पळवाट नाही. संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा आणि रिग्रेशन हे तीन विषय हातात कागद-पेन घेऊन करा. व्हिडिओ पाहून ते समजल्यासारखे वाटतात आणि मुलाखतीत सगळं उघडं पडतं. मुलाखतीत हार्डी-वाइनबर्ग समतोल (पिढ्यानुपिढ्या जनुकप्रकारांचं प्रमाण स्थिर राहण्याचा नियम) हमखास विचारतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण ‘चाचणीत समतोल बिघडलेला दिसला, तर पहिली शंका कशाची घ्याल?’ असं विचारलं की बहुतेक मुलं उत्क्रांतीकडे वळतात. प्रत्यक्षात पहिली शंका घ्यायची ती प्रयोगशाळेतल्या चुकीची : डीएनएमधले ठरावीक बिंदू वाचणाऱ्या चिपवर तो बिंदू नीट वाचलाच गेला नसेल.

आर आणि पायथन यांपैकी कुठलीही एक प्रोग्रॅमिंगची भाषा नीट यायला हवी. लिनक्सच्या काळ्या पडद्याची भीतीही जायला हवी.

४. मी संख्याशास्त्राचा. जीवशास्त्र दहावीपुरतंच. माझं काय?

तुम्ही जास्त सोयीच्या बाजूला आहात, पण त्याच गोष्टीने फसालही. संख्याशास्त्राच्या माणसाला डेटा म्हणजे ओळी आणि रकाने वाटतात. इथे प्रत्येक रकान्यामागे कुणीतरी सुई टोचून घेतलेली असते, नमुना बर्फात ठेवून आणलेला असतो, कुणीतरी ट्यूबवर नंबर लिहिलेला असतो. पहिलं वर्ष रेणूजीवशास्त्रात घाला, आणि जमलं तर आठवडाभर प्रयोगशाळेत उभं राहून डीएनए कसा काढतात ते बघा. त्या आठवड्याने पुढची वर्षं वाचतात. का, ते प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

५. कोणती परीक्षा द्यायची? नेट, गेट, की संस्थांच्या वेगळ्या परीक्षा?

सगळ्यात जास्त दरवाजे उघडते ती सीएसआयआर-यूजीसी नेट. जीवशास्त्राकडच्यांनी लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा. संख्याशास्त्राच्या मुलांना मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या पेपरमध्ये संख्याशास्त्राचे प्रश्न सोडवता येतात. ‘माझा विषय नेटमध्ये नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी नाही. बीई, बीटेक आणि एमबीबीएस झालेलेही ही परीक्षा देऊ शकतात.

गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस, स्टॅटिस्टिक्स आणि २०२४ पासून डेटा सायन्स व एआय असे पेपर आहेत. स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. एनसीबीएस, टीआयएफआर आणि इतर काही संस्था जेजीईईबिल्स ही जीवशास्त्राची संयुक्त प्रवेश परीक्षा घेतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्वतःची परीक्षा असते. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही फेलोशिप आहेत, त्यांची निवडीची पद्धत त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. विद्यापीठांची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) असतेच. नेट, सेट किंवा गेट झालेल्यांना बऱ्याच ठिकाणी पेटमधून सूट मिळते.

६. पैसे किती मिळतात?

जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. शिवाय शहराप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप यापेक्षा बरीच मोठी आहे : पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि नंतर ८०,०००. पण ती ठरावीक संस्थांपुरतीच आहे.

कागदावरचा आकडा आणि खात्यावरचा आकडा यांत मात्र महिने जातात. फेलोशिप तीन-चार महिने रखडून मग एकदम जमा होणं नेहमीचं आहे. पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं थांबत नाही, म्हणून रुजू होताना चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. ज्यांच्या घरी हे शक्य नाही त्यांनी गाईडला आधीच स्पष्ट विचारावं, की फेलोशिप येईपर्यंत प्रोजेक्टमधून काही सोय होईल का. यात लाजण्यासारखं काही नाही.

७. नेट निघाली, पण जेआरएफ नाही मिळाली. आता?

२०२४ च्या जून सत्रापासून निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांना विद्यापीठांत प्रवेश मिळतो. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि हे गुण एक वर्षच चालतात. मात्र फेलोशिप आपोआप येत नाही. ती संस्थेकडून, गाईडच्या प्रोजेक्टमधून किंवा राज्याच्या योजनेतून (प्रश्न ८) आणावी लागते. ‘आधी प्रवेश घेऊन टाकू, पैशाचं बघू’ असं कृपा करून करू नका. बिनपगारी पीएचडी तिसऱ्या वर्षी मोडते. मोडताना माणूस स्वतःला नालायक समजतो, आणि कारण फक्त पैशाचं असतं.

त्यापेक्षा एक वर्ष एखाद्या चांगल्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असोसिएट म्हणून काम करा आणि परीक्षा पुन्हा द्या.

८. महाराष्ट्र सरकारच्या फेलोशिप या विषयाला मिळतात का?

मिळतात. विषयापेक्षा तुमचा प्रवर्ग आणि पीएचडीची नोंदणी बघितली जाते. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. जागा मर्यादित असतात आणि जाहिरातीची तारीख ठरलेली नसते, म्हणून नोंदणीचं पत्र, आरआरसीचा (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीचा) ठराव आणि जातवैधता प्रमाणपत्र आधीपासून तयार ठेवा. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दुसरी मिळाली तर पहिली सोडायची आणि तसं लेखी कळवायचं. नाहीतर पुढे वसुली निघते.

९. महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठे कुठे करता येईल?

पुण्यापासून सुरुवात करू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटर १९८७ चं आहे, म्हणजे हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याआधीचं. त्याच आवारात संख्याशास्त्र विभाग आहे आणि शेजारीच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था. पाषाणला आयसर आणि एनसीएल आहेत. आयसरमध्ये जीवशास्त्र, गणित आणि डेटा सायन्स एकाच छताखाली असल्याने दोन विषयांत पाय ठेवणाऱ्यांची सोय होते. सी-डॅकमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्सचा गट आहे आणि मोठा संगणकही.

मुंबईत आयआयटीचा बायोसायन्सेस व बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. परळला आयसीएमआरच्या एनआयआरआरसीएच आणि एनआयआयएच या दोन संस्था आहेत. एनआयआयएच रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते, त्यामुळे प्रश्न १ मधला सिकलसेलचा विषय मनात बसला असेल तर ते नाव लक्षात ठेवा. खारघरचं ॲक्ट्रेक कर्करोगाच्या जीनोमिक्ससाठी. गोव्यात बिट्स पिलानीचं आवार आणि गोवा विद्यापीठ.

शुद्ध स्टॅटिस्टिकल जेनेटिक्सचे गाईड महाराष्ट्रात कमी आहेत, हे मात्र खरं. बायोइन्फॉर्मेटिक्सचे पुष्कळ आहेत.

१०. महाराष्ट्राबाहेर?

स्टॅटिस्टिकल जेनेटिक्ससाठी नजर आधी बंगालकडे जायला हवी. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी केली. माणसांच्या मोजमापांवरून गटांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं सूत्र आजही रोज वापरलं जातं. लोकसंख्या-आनुवंशिकीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ मध्ये इंग्लंड सोडून तिथेच आले. तिथलं ह्यूमन जेनेटिक्स युनिट ही परंपरा पुढे चालवतं. जवळच कल्याणीला एनआयबीएमजी ही मानवी जीनोमिक्सला वाहिलेली संस्था आहे.

दिल्लीत आयजीआयबी आणि जेएनयू, हैदराबादला सीसीएमबी (पेशी व रेणूजीवशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा), सीडीएफडी आणि ट्रिपलआयटी, बंगळुरूला आयआयएससी, एनसीबीएस आणि आयबॅब, चेन्नईला आयएमएससी. भारतातल्या गटांच्या पूर्वजांचं मिश्रण आणि जातीअंतर्गत लग्नांचा जनुकीय परिणाम यावर सीसीएमबीने हार्वर्डच्या गटासोबत २००९ मध्ये जे काम प्रसिद्ध केलं, त्याने या विषयाची दिशाच बदलली. मुलाखतीला जाणाऱ्याने त्याबद्दल वाचलेलं असावं.

११. लॅबमध्ये प्रवेश मिळाला, पण पदवी कोण देणार?

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. बऱ्याच राष्ट्रीय संस्था स्वतः पदवी देत नाहीत. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमधले विद्यार्थी एसीएसआयआर या सीएसआयआरच्याच पदवी देणाऱ्या संस्थेत नोंदणी करतात, ॲक्ट्रेक आणि आयएमएससीचे होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमध्ये, काही जैवतंत्रज्ञान संस्थांचे फरिदाबादच्या आरसीबीमध्ये किंवा स्थानिक विद्यापीठात. कोर्सवर्क, शुल्क, प्रबंधाचे नियम हे सगळं पदवी देणाऱ्या संस्थेचं लागू होतं. लॅबमध्ये रुजू झाल्याची तारीख आणि पीएचडीच्या नोंदणीची तारीख वेगळी असू शकते, आणि फेलोशिपचं घड्याळ मात्र रुजू झाल्याच्या तारखेपासून चालू होतं. रुजू होताना नोंदणी किती महिन्यांत होईल ते विचारून घ्या.

१२. गाईड कसा निवडायचा? ई-मेल पाठवल्यावर उत्तरच येत नाही.

उत्तर का येत नाही ते आधी सांगते. मलाही असे ई-मेल येतात. सत्तर जणांना एकदम गेलेला असतो, सुरुवातीला ‘आदरणीय सर’ असतं (मी बाई आहे), मग ‘मी मेहनती आणि जिज्ञासू आहे’, ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ आणि शेवटी चार पानी बायोडेटा. त्यात मला कुठेच लिहिणारा माणूस दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका मुलीचा ई-मेल आला होता. सहा ओळींचा. तिने आमचा एक लेख वाचून त्यातला एक तक्ता स्वतः पुन्हा काढून पाहिला होता. तिची एक संख्या आमच्याशी जुळत नव्हती आणि ती कोणत्या पायरीवर वेगळी होते तेही तिने लिहिलं होतं. तिच्याकडून डेटा गाळण्याची एक पायरी राहून गेली होती, म्हणजे चूक तिची होती. मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला. असा ई-मेल लिहायला आठवडा लागतो, म्हणून सत्तर लिहू नका, पाच लिहा.

आता गाईड निवडण्याचं. संस्थेचं नाव, इमारत, रँकिंग यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. पहिली : मी ज्या डेटावर काम करणार तो आज हातात आहे का, की यायचा आहे? दुसरी : नीतिसमितीची परवानगी झाली आहे का? तिसरी : त्यातल्या कुठल्या भागावर माझा हक्क असेल? या क्षेत्रात पीएचडी रखडते ती बहुतेक डेटापायीच. ‘नमुने गोळा होत आहेत’ हे वाक्य ऐकून रुजू झालेले दोघे मी तिसऱ्या वर्षी रिकाम्या हाताने बसलेले पाहिले आहेत. दोघेही हुशार होते आणि संस्थाही नावाजलेली होती. साधी पदवी देणारं विद्यापीठ, पण पाच हजार लोकांचा स्वच्छ डेटा आणि वेळ देणारा गाईड मिळत असेल, तर मी डोळे मिटून तिथे जा म्हणेन.

शिवाय गाईडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि गाईडसमोर नाही, बाहेर चहा पिताना बोला.

१३. भारतीय लोकांचा जीनोम डेटा विद्यार्थ्याला मिळतो का?

आधी थोडी पार्श्वभूमी. जगभर सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या १००० जीनोम प्रकल्पाच्या अंतिम संचात २६ गटांमधले २,५०४ लोक आहेत. त्यात दक्षिण आशियाचे पाच गट : ह्यूस्टनमधले गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू, ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. एकही नमुना भारताच्या भूमीवर घेतलेला नाही आणि मराठी गट तर नाहीच. पहिल्यांदा या गटांचा नकाशा पाहिला तेव्हा मी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मोठा यूके बायोबँक हा पाच लाख लोकांचा संग्रह, पण त्यातही बहुसंख्य युरोपीय वंशाचे. अशा डेटावर बसवलेले जोखमीचे गुणांक आपल्याकडच्या माणसाला लावले की त्यांची अचूकता घटते.

म्हणून जीनोम इंडिया महत्त्वाचा. त्यात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले गेले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमार्फत हा डेटा संशोधकांसाठी खुला झाल्याचं जाहीर झालं. ‘खुला’ म्हणजे बटण दाबून उतरवण्यासारखा नाही. प्रस्ताव द्यावा लागतो, आणि तो संस्थेतल्या संशोधकाच्या नावाने जातो, त्यामुळे गाईड लागतोच. नुसत्या सरावासाठी १००० जीनोम, नॉमॅड या संग्रहातल्या जनुकीय बदलांच्या वारंवारता आणि जीवास कॅटलॉग (कोणता बदल कोणत्या आजाराशी किंवा गुणाशी जोडलेला आढळला त्याची यादी) मोफत आहेत. प्लिंक हे अशा डेटाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर उतरवून आजच बसू शकता.

१४. रुग्णांचा डेटा परदेशातल्या सहकाऱ्याला पाठवता येतो का?

परस्पर नाही. परदेशी भागीदारीतल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते आणि स्थानिक नीतिसमितीची वेगळी. यात काही महिने जातात. प्रबंधाचं वेळापत्रक करताना हे महिने मोजा.

१५. मी आयटीत आठ वर्षं आहे. नोकरी सांभाळून पीएचडी होईल का?

नियम परवानगी देतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी आहे आणि त्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. तुमचं कोडिंग इथल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं असेल, ती मोठी जमेची बाजू. पण हिंजवडीहून रात्री नऊला घरी येऊन लाइकलिहूडची गणितं करणं दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. ज्यांनी हे पार पाडलं, त्यांच्या कंपनीचं कामच जीनोमिक्सचं होतं किंवा त्यांनी मधली दोन वर्षं रजा घेतली होती. आधी सहा महिने दर शनिवार एखाद्या गटासोबत काम करून बघा.

१६. परदेशात शिष्यवृत्तीशिवाय जाता येईल का? फी किती?

उलट विचारा : कुठे पगार मिळतो? जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन इथे पीएचडी बहुतेक वेळा नोकरीचाच करार असतो. जर्मनीत सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळपास नसतंच. ईएमबीएल (युरोपची रेणूजीवशास्त्र प्रयोगशाळा) आणि जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय शाळा राष्ट्रीयत्व बघत नाहीत. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कची एक अट ध्यानात ठेवा : त्या देशात गेल्या ३६ महिन्यांपैकी १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं. तिथे एमएस केलेल्यांचा अर्ज इथेच बाद होतो. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाकडे दोन लाखांहून अधिक लोकांचा बायोबँक आहे. आपल्या मुलांना ते नावच माहीत नसतं.

ब्रिटनमध्ये शुल्काची अडचण असते. यूकेआरआयच्या जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. हिंक्सटनच्या सँगर इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी केंब्रिजची पदवी घेतात. अमेरिकेत मिशिगन आणि सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांचे बायोस्टॅटिस्टिक्स विभाग या विषयाचे जुने गड. तिथे पीएचडी पाच-सहा वर्षांची असते, शुल्कमाफी आणि भत्ता मिळतो आणि अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. म्हणजे शिफारसपत्रांसाठी सरांच्या मागे गणपतीच्या सुमारास लागायचं, दिवाळीनंतर नाही.

इथे पीएचडी करताना काही महिने बाहेर जायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप आहे, सहा ते नऊ महिन्यांची. ती भारतात नोंदणी केलेल्यांसाठीच असते.

१७. पिकं किंवा गुरं यांच्यावर स्टॅटिस्टिकल जेनेटिक्स करता येतं का?

येतं, आणि इथे जागा रिकाम्या आहेत. खरं तर या शास्त्राचं मूळच शेतीत आहे. दिल्लीच्या आयएएसआरआयमध्ये कृषी संख्याशास्त्र आणि बायोइन्फॉर्मेटिक्स दोन्हींत पीएचडी आहे. प्रवेश आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) परीक्षेतून. ही संस्था ज्या विभागातून वाढली त्याला आकार देणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, आणि त्यांच्यानंतर ते काम पुढे नेणारे पानसेही मराठी. कोणती कालवड पुढे जास्त दूध देईल, हे तिच्या जन्मालाच डीएनएवरून सांगता आलं तर शेतकऱ्याची काही वर्षं वाचतात. कृषी पदवीधरांनी हा रस्ता नक्की बघावा.

१८. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिलं वर्ष जड जाईल. सेमिनारमध्ये प्रश्न सुचतो, वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मीही यातून गेले. मला उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते : वाचलेल्या प्रत्येक शोधनिबंधाचा गाभा मी आधी मराठीत, आईला सांगावा तसा, वहीत लिहायचे. मराठीत नीट लिहिता आलं नाही तर मला तो कळलेलाच नसायचा. इंग्रजी शब्दांचा आडोसा तिथे मिळत नाही. मुलाखतीत समितीला इंग्रजीचा डौल नको असतो, विचारांची शिडी हवी असते. ‘मला हे येत नाही, पण असं करून बघेन’ हे मोडक्या इंग्रजीतलं वाक्य मी समितीत बसून आनंदाने ऐकलं आहे.

१९. आता सगळं एआय करतं. मग पाच वर्षं घालवायची कशाला?

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. रुग्ण आणि निरोगी लोक यांच्या जीनोमची तुलना करून मी पहिला मॅनहॅटन आलेख काढला, म्हणजे डीएनएमधल्या प्रत्येक बिंदूचा आजाराशी संबंध किती ठाम ते उंचीने दाखवणारा आलेख. या कामात दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरतात, म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागून उंबरठा ०.०००००००५ ठेवतात. माझ्या आलेखावर सगळ्याच गुणसूत्रांवर त्या उंबरठ्यापलीकडे मनोरे उभे होते. मी रात्रभर झोपले नाही, वाटलं मोठा शोध लागला. सकाळी गाईडनी आलेखाकडे दहा सेकंद पाहिलं आणि विचारलं, “चिप कधी केल्या होत्या?” रुग्णांचे नमुने एका वर्षी एका बॅचमध्ये वाचले गेले होते, निरोगी लोकांचे दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बॅचमध्ये. मी आजार मोजलाच नव्हता, दोन बॅचमधला फरक मोजला होता. भरीला काही बिंदूंवर एका संचात डीएनएची एक बाजू वाचली होती आणि दुसऱ्यात समोरची. ए आणि टी, सी आणि जी एकमेकांच्या जोड्या असल्याने, जिथे बदलाची दोन अक्षरं ए-टी किंवा सी-जी असतात तिथे अक्षरं बघून काही कळत नाही, वारंवारता ताडून पाहाव्या लागतात.

प्रोग्रॅम तेव्हाही बिनचूक चालला होता. आज एआय तोच प्रोग्रॅम दोन मिनिटांत लिहून देईल आणि तेच मनोरे उभे करील. ‘चिप कधी केल्या होत्या’ हा प्रश्न विचारायला शिकण्यासाठी पाच वर्षं लागतात.

२०. मध्ये लग्न, बाळंतपण आलं तर पीएचडी सुटते का?

सुटत नाही. कमाल मुदत सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे उपकार नाहीत, नियम आहेत, आणि अर्ज लेखी द्यायचा. आपलं काम संगणकावरचं असल्याने काही महिने घरून करता येतं, ही प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींपेक्षा बरी बाजू. मात्र काही डेटा सुरक्षित सर्व्हरबाहेर नेता येत नाही, ते आधी पाहा.

२१. पुढे नोकऱ्या आहेत का?

आहेत, पण सगळ्या प्राध्यापकीच्या नाहीत. जनुकीय तपासणी करणाऱ्या कंपन्या, औषध कंपन्यांचे बायोस्टॅटिस्टिक्स विभाग, बियाणे कंपन्या, मोठी रुग्णालयं. भारतात यातलं बरंचसं काम बंगळुरू आणि हैदराबादकडे आहे. ज्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही बोलता येतं तो रिकामा बसलेला मी पाहिलेला नाही. कायम प्राध्यापकपद मात्र पोस्टडॉकनंतरच, आणि तेही वाट पाहून.

२२. गाईड निवृत्त झाले किंवा संस्था सोडून गेले तर?

निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर गाईडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा. जागा आहे का ते प्रवेशाआधीच विचारा. गाईड मध्येच गेले तर संस्था सहमार्गदर्शक नेमते किंवा गाईड बदलून देते. अशा वेळी सगळ्यात मोठी भीती डेटाची असते. परवानगी बहुधा गाईडच्या नावावर असते, आणि ते गेले की तुमचा सर्व्हरचा प्रवेश बंद होऊ शकतो. म्हणून पहिल्याच वर्षी सहमार्गदर्शकाचं आणि स्वतःचं नाव डेटाच्या अर्जात घालून घ्या आणि मंजुरीच्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. स्वतः गाईड बदलायचा असेल तर आधी विभागप्रमुखांशी बोला, नवीन गाईडची लेखी संमती घ्या आणि मगच अर्ज द्या.